पहिल्या वीराचा अंगरखा

धनसिंग नानांच्या हातात माइक आला की त्यांच्या गळ्यात हुंदका येतो. हे मी रागात म्हणते आहे, पण खोटं म्हणत नाही. एकोणनव्वद सालच्या सव्वीस जानेवारीला आमच्या गावच्या शाळेसमोर त्यांनी माझ्या आईला खुर्चीवर बसवलं, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि माइककडे वळून म्हणाले, “आधार हा एकट्या पार्वताबाईंचा मुलगा नव्हता. तो आपल्या गावाचा वीर आहे. असा वीर शतकात एखादाच जन्माला येतो.” मग हुंदका, मग टाळ्या. माय नारळाची शेंडी चाचपत बसली होती. वहिनीसाठी खुर्चीच ठेवली नव्हती. ती पोरीला कडेवर घेऊन मंडपाच्या बांबूला टेकून उभी होती. मी धुळ्याहून सुटी काढून आले होते. तिथे दवाखान्यात नर्स होते आणि मेलेल्या माणसाभोवतीचं रडणं रोज ऐकत होते. त्यामुळे कोणाचं रडणं खरं आणि कोणाचं तोंडदेखलं, हे कळायला मला वेळ लागत नाही.

याच नानांनी पुढे फाल्गुनात मारुतीच्या ओट्यावर बसून सांगितलं की आधार वीर नाहीच. ते कसं, तेच सांगायचं आहे.

आमचं गाव पाचोरा तालुक्यातलं. पाटीलकी नानांच्या घरात, सरपंचकीही त्यांच्याच घरात, आणि कपाशी वाहायला दारात त्यांचे ट्रक. आमचं घर शिंप्याचं. वडील लवकर गेले, मायने शिलाई मशीन चालवून आम्हा दोघांना वाढवलं. भाऊ आधी नानांच्याच ट्रकवर क्लीनर होता, तिथेच गाडी शिकला आणि मग मिलिटरीत ड्रायव्हर म्हणून लागला. सत्त्याऐंशी साली शांतिसेना श्रीलंकेत गेली, तिच्याबरोबर गेला. नोव्हेंबरात जाफन्याच्या बाजूला पुढच्या चौकीवर रेशन पोहोचवायला निघाला होता. वाटेत सुरुंग फुटला आणि भाऊ गाडीसकट गेला. देह आला नाही, दहन तिकडेच झालं. एका जवानाने कलश आणून दिला. मागून त्याची काळी लोखंडी ट्रंक आली. तिच्यात इस्त्रीचे दोन हिरवे गणवेश होते, दाढीचं सामान होतं आणि अर्धी झिजलेली साबणाची वडी होती. वहिनीने ती वडी कोणाला वापरू दिली नाही.

आता आमच्याकडे वीर कशाला म्हणतात ते सांगते. पुण्याकडच्या माणसाला वाटेल, वीर हा भाषणातला शब्द. आमच्याकडे वीर घरात राहतो. घराण्यातलं कोणी लढाईत पडलं की सराफाकडून त्याचा टाक करून आणतात. टाक म्हणजे चांदीच्या छोट्या पत्र्यावर ठोकून उठवलेली त्याची आकृती. तो देव्हाऱ्यात बसवतात. धुळवडीला दुपार कलली की घरोघरचे वीर बाहेर निघतात. घरातला एक पुरुष नवा अंगरखा घालतो, फेटा बांधतो, ताटात टाक आणि खोबऱ्याची वाटी घेतो आणि डफाच्या ठेक्यावर होळीला फेऱ्या घालतो. तेवढा वेळ तो स्वतः कोणी नसतो, वीरच असतो. सासूसुद्धा जावयाच्या पाया पडते.

या रांगेत पहिला मान नानांच्या घरच्या वीराचा. त्यांचा कोणी खापरपणजोबा पेंढाऱ्यांशी लढताना वेशीत पडला म्हणतात. वेशीजवळ त्याचा दगड आहे. त्यावरचा घोडा झिजून झिजून शेळीसारखा दिसायला लागला आहे, पण तेल-शेंदूर चुकत नाही. मात्र नियम आणखी एक आहे, आणि तो नानांचे वडीलच आम्हा पोरांना सांगायचे. ज्या वर्षी नवा वीर बसेल, त्या वर्षी पहिला मान त्याचा, कारण त्याचं रक्त ताजं असतं. कोणाच्याही आठवणीत गावात नवा वीर बसला नव्हता. म्हणून तो नियम कोणाला नडला नव्हता.

मरण झाल्यावर वर्ष उलटल्याशिवाय वीर बसवत नाहीत. म्हणून अठ्ठ्याऐंशीची होळी आम्ही जाऊ दिली. पुढच्या होळीआधी माय, वहिनी आणि मी पाचोऱ्याला हस्तीमल शेठच्या सराफी दुकानात गेलो. शेठने पितळी ठसा काढला. त्यावर घोड्यावरचा स्वार, हातात तलवार. सगळ्या वीरांचा ठसा तोच.

वहिनी आमच्या अहिराणीत म्हणाली, “हाऊ नको. त्यासले घोडानं भ्याव वाटे. ट्रक काढा.”

शेठने चष्मा कपाळावर सरकवला. “बाई, माझ्या आजोबांपासून आम्ही टाक करतो. ट्रकचा टाक आजवर कोणी मागितला नाही.”

“आते मी मांगस.”

शेठ कुरकुरला, पण त्याने कागद पुढे ओढला आणि ट्रक काढला. वहिनी त्याच्या हाताकडे बघत चुका सांगत होती. मागे ताडपत्री पाहिजे. चाकं एवढी लहान नसतात. शेवटी म्हणाली, “खिडकीमातून हात बाहेर काढा. त्या कायम हात बाहेर काढीसन गाडी चालाडेत.” शेठने पेन्सिल थांबवली, तिच्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीत एक कोपर काढलं. टाक तयार झाला तेव्हा ते कोपर तांदळाच्या दाण्याएवढं होतं. पण भाऊच होता तो.

नवा वीर बसवायचा तर रांगेतल्या घरांना सांगावं लागतं. म्हणून आम्ही मारुतीच्या ओट्यावर गेलो. नानांनी टाक हातात घेतला, उलटासुलटा केला आणि मायला परत दिला.

“पार्वताबाई, वीर म्हंजे हातमा तलवार लिसन पडना तो,” नाना म्हणाले. “आधार गाडी चालाडत व्हता. सुरुंग फुटना, गाडी उडनी. हाई त अपघात शे.”

मी म्हणाले, “नाना, तो लढाईत गेला.”

“पोरी, तू शिकेल शे, तूच सांग. ती लढाई व्हती का? रेडिओवर रोज काय सांगेत? शांतिसेना. शांतताना कामले जायेल माणूस लढाईमा कसा पडी?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “सव्वीस जानेवारीला माइकवर तुम्हीच त्याला वीर म्हणालात ना?”

“ते भाषण व्हतं,” नाना म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले, जसं काही मी पोरकट प्रश्न विचारला होता.

आणि ट्रकची पूजा कुठे कोणी करतं का, असंही वर म्हणाले. तेव्हा वहिनी पदर खोचून पुढे झाली. “दसराले तुमना ट्रकले तुम्ही हार घालतस, नारळ फोडतस. तव्हय तो देव ऱ्हास. मना नवराना ट्रकनं काय पाप करं, नाना?”

देवचंद आबा तिथे बसले होते. त्यांच्या माळ्याच्या घरचा वीर रांगेत सगळ्यात शेवटी असतो. एका वर्षी त्यांच्याकडे नवं कापड घ्यायची ऐपत नव्हती, तर जुन्या अंगरख्यात वीर निघत नाही म्हणून नानांनी त्यांना भर गावात रांगेतून बाजूला काढलं होतं. तेच आबा आता काडीने जमीन उकरत होते. मला नानांपेक्षा त्यांचा जास्त राग आला. नाना आपला मान राखत होते, हे तरी समजतं. हे बाकीचे कशासाठी तोंड शिवून बसले होते?

खरी गोष्ट सगळ्यांना कळत होती. आधार वीर ठरला तर त्या धुळवडीला नाना दुसरे. शिंप्याच्या पोराच्या मागे पाटलाने नाचायचं. एवढ्यासाठी माझा भाऊ अपघातात मेलेला ठरला.

मायने मात्र हार मानली नाही. ती म्हणाली, आपण रांगेत जाऊन उभं राहू, मग बघू कोण हात धरून बाहेर काढतं. टाक धरायला घरात पुरुष नव्हता. चुलते पितांबर काका तयार झाले. छाती ठोकून म्हणाले, आधार मनाच पोऱ्या शे.

दुसऱ्या दिवशी नानांच्या घरून पांढरं कापड आलं, नारळ आणि विड्याच्या पानांसकट. पाटलाच्या वीराचा अंगरखा दरवर्षी शिंप्याच्या घरून शिवून जातो. तो आमचा मान. शिवलेला अंगरखा फडक्यात बांधून होळीपुढे न्यायचा आणि गाठ तिथेच, सगळ्यांदेखत सोडायची. घरी त्याची घडी मोडायची नाही. मला वाटलं माय ते कापड उकिरड्यावर फेकेल. तिने कपाळाला लावून आत घेतलं.

मी तिला वाटेल तसं बोलले. तुला लाज नाही म्हणाले. ज्याने तुझ्या लेकाला वीर मानलं नाही त्याच्यासाठी तू मशीन चालवणार? माय सुईत दोरा ओवत होती. एवढंच म्हणाली, “वीरना अंगरखाले शिंपीनं घर नही म्हनत नही.” मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिने कापडाला कात्री लावली नाही, हे रागाच्या भरात माझ्या लक्षातही आलं नाही.

होळीच्या दिवशी दुपारी निरोप आला. पितांबर काका सकाळच्या एसटीने दोंडाईच्याला गेले. साडूचा पाय मोडला म्हणे. एवढ्या वर्षांत धडधाकट राहिलेला साडूचा पाय नेमका आमच्या होळीला मोडला. आदल्या संध्याकाळी काका नानांच्या ओसरीवर चहा पीत बसलेले अर्ध्या गावाने पाहिले होते.

निरोप ऐकून वहिनी उठली. आत गेली. ट्रंकेची कडी वाजली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात भाऊचे दोन्ही गणवेश होते. तिने ते मशीनवर ठेवले आणि सासूला म्हणाली,

“मामी, नानासले वीरना अंगरखा पाहिजे ना? मंग वीरना कपडानाच शिवा.”

मायने गणवेशावरून हात फिरवला. कॉलर उलटून बघितली, शिवण ओढून बघितली. तिची सवयच ती. “शिलाई पक्की शे,” म्हणाली, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “कात्री दे.”

मी दिली. माझी दोन दिवसांची अबोल्याची ऐट तिथेच संपली. आम्ही तिघींनी बसून टाके उसवले. नाना अंगाने आडवे, एका गणवेशात ते मावणार नव्हते, म्हणून दोन्ही उसवावे लागले. छातीवरचा खिसा उसवताना मायचे हात थांबले आणि ती रडली. लेकाची मापं तिला पाठ होती. त्याचं कापड ती दुसऱ्याच्या मापाने कापत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी कापडावर पडत होतं आणि ती ते हाताने पुसून पुन्हा कापत होती. मला तेव्हा नानांचा गळा धरावासा वाटत होता. आजही वाटतो. वहिनी म्हणाली, तो खिसा तसाच परत लावा. मायने लावला. संध्याकाळी अंगरखा झाला, बंद लावले आणि तो नानांच्याच पांढऱ्या कापडात बांधून ठेवला.

धुळवडीला दुपारी सगळं गाव होळीच्या राखेभोवती जमलं. डफवाले डफ तापवत होते. वीर रांगेत उभे राहिले, आपापल्या नव्या अंगरख्यात, आणि सगळ्यांपुढे नाना, उघड्या अंगाने, धोतर आणि फेटा बांधून. मायने गाठोडं त्यांच्यापुढे ठेवलं. नानांनी नारळ फोडला, गाठोड्याला हळद-कुंकू वाहिलं आणि गाठ सोडली.

हिरवा अंगरखा उलगडला. डावीकडे छातीवर मिलिटरीचा खिसा.

थोडा वेळ नानांना कळलंच नाही ते काय आहे. मग कळलं. त्यांनी हातातला अंगरखा असा टाकला, जसा काही त्याला विटाळ होता. “हाई मढाना कपडा शेतस,” ते ओरडले. “मढाना कपडा मी आंगवर घालू?”

माय खाली वाकली. तिने अंगरखा उचलला, त्यावरची राख झटकली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण डफ बंद होते.

“नाना, मंग दरसाल तुम्ही कोना कपडा घालतस?”

त्यांच्या थोरल्या मुलाने कानाशी लागून सांगितलं की सदराच घाला, नाहीतर जुना अंगरखा घरून आणतो. तेव्हा मागून देवचंद आबा बोलले. “जुनामा वीर नही निंघत, नाना. तुम्हीच सांगेल शे.” कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडातून ते बाहेर पडलं. मला आनंद झाला असं म्हणणार नाही. ओट्यावर बोलले असते तर माझ्या भावाचे गणवेश शाबूत राहिले असते.

वहिनीने पोर माझ्याकडे दिली. मायच्या हातातून अंगरखा घेतला आणि लुगड्यावरून अंगात घातला. नानांच्या मापाचा तो, तिच्या गुडघ्यांपर्यंत आला आणि बाह्या हातांच्या खाली लोंबत राहिल्या. तिने त्या वर दुमडल्या. ताटात ट्रकचा टाक ठेवला, खोबऱ्याची वाटी ठेवली आणि नानांना ओलांडून रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिली. आमच्या गावात बाईने वीर घेतल्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं. कोणीतरी म्हणालं, आक्रीत शे. म्हणू दे. पुरुष दोंडाईच्याला साडूचा पाय बघायला गेला होता.

“डफ वाजाडा रे,” देवचंद आबा म्हणाले आणि आपला वीर घेऊन तिच्या मागे उभे राहिले.

डफवाल्यांनी एकदा नानांकडे बघितलं, एकदा हिरव्या अंगरख्याकडे, आणि ठेका धरला. वहिनीला नाचता येत नव्हतं. ती नुसती चालली, ताठ, दोन्ही हातांनी ताट धरून. शेवटच्या फेरीत तिने ताट डाव्या हातावर घेतलं आणि उजवं कोपर बाहेर काढून चालायला लागली, भाऊ खिडकीत हात ठेवून गाडी चालवायचा तसं. ते फक्त मायने आणि मी ओळखलं. मी पोरीला छातीशी धरून भोकाड पसरलं. बायका पुढे आल्या आणि वहिनीच्या पायांवर पाणी घालायला लागल्या. त्यांत नानांची सूनसुद्धा होती. नाना तोवर घरी गेले होते. त्या वर्षी पाटलाचा वीर निघाला नाही.

यानंतर नाना बदलले असतील असं कोणाला वाटत असेल तर त्याने आमच्या नानांना ओळखलंच नाही. पंधरा ऑगस्टला सकाळी त्यांची जीप आमच्या दारात आली. तालुक्याहून साहेब आले आहेत, वीरमातेला सन्मानाने घेऊन या असं सांगितलंय, नानांचं भाषण आहे, असा निरोप घेऊन ड्रायव्हर उभा राहिला. मी तेव्हा घरीच होते. मी उठून त्याला चार शब्द सुनावणार होते.

मायने मशीनचं चाक हाताने थांबवलं. दोरा दाताने तोडला.

“जाय, नानाले सांग,” ती म्हणाली. “मढानी मायनं स्टेजवर काय काम शे?”

आणि तिने पुन्हा मशीन सुरू केली.